चौकशीच्या काळातील भाकर

१९५९ च्या मुंबई नागरी सेवा नियमांत एक विलक्षण तरतूद होती. महाराष्ट्र शासनाच्या एखाद्या नोकराला खालच्या न्यायालयात कैदेची शिक्षा झाली, त्याने वरच्या न्यायालयात अपील केले आणि ते प्रलंबित असताना तो निलंबित राहिला, तर त्या काळात त्याला मिळणारा निर्वाह भत्ता होता दरमहा एक रुपया. अशा एका नोकराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८३ साली न्यायालयाने ही तरतूद अवाजवी म्हणून रद्दबातल ठरवली. अपिलात तो निर्दोष सुटू शकतो; तोवर त्याने आणि त्याच्या मुलाबाळांनी जगायचे आहे; आणि एका रुपयात कोणाचाही निर्वाह होत नाही. हे सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला वेळ खर्च करावा लागला.

तो रुपया ज्यांनी ठरवला ते काही निर्दय लोक असतील असे मला वाटत नाही. आपल्यासारखीच संसारी माणसे ती. परंतु त्यांच्या मनात एक गोष्ट आधीच पक्की झालेली होती, की हा माणूस गुन्हेगार आहे. भत्ता तर द्यायला हवा असे नियमाचे म्हणणे, आणि हा भत्त्याला पात्र नाही असे मनाचे म्हणणे. या दोहोंची तडजोड म्हणजे तो रुपया होय.

कामाच्या ठिकाणी शिस्त असावी की नसावी, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. संस्कृतात शासन, शास्त्र आणि शिष्य हे तिन्ही शब्द एकाच ‘शास्’ धातूपासून निघाले आहेत. लॅटिनमध्येही शिस्तीचा शब्द शिकणाऱ्या शिष्याच्या शब्दाशी सख्खे नाते सांगतो. ज्याला शिस्त लावायची तो आपल्याकडून काही शिकणार आहे, म्हणजेच तो आपल्याबरोबर राहणार आहे, असे या शब्दाने गृहीत धरले आहे. प्रश्न आहे तो या गृहीतकाचा. आरोप झाल्याच्या क्षणापासून निर्णय होईपर्यंतच्या दिवसांत तो माणूस आपल्यातला असतो की नसतो?

आमचे जांभूळ गाव अंबरनाथ तालुक्यात येते. बारवी धरणाचे पाणी येथील औद्योगिक महामंडळाच्या केंद्रात शुद्ध होते आणि पुढे शहरांना व कारखान्यांना जाते. आजूबाजूची माणसे त्या पाण्याच्याच वाटेने कामाला जातात असे म्हटले तरी चालेल: अंबरनाथच्या आनंदनगरला, मोरिवलीला, बदलापूरच्या खरवई आणि माणकिवलीला. रसायनांचे कारखाने, लहानमोठी यंत्रशाळा, वेष्टनाची कामे. तीन पाळ्या. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांत या गेटच्या दोन्ही बाजूंची माणसे आहेत. कोणी हेल्पर, कोणी ऑपरेटर, कोणी सुपरवायझर, कोणी कार्मिक विभागात, आणि थोडे का होईना, स्वतःचे वर्कशॉप चालवणारेही आहेत. म्हणून हा प्रश्न दूरच्या कोणाचा नाही.

या पट्ट्यात ‘गेट बंद केले’ हा शब्दप्रयोग लहान मुलालाही कळतो. सकाळी माणूस पाळीला जातो आणि वॉचमन सांगतो, तुमचे कार्ड काढून ठेवले आहे, साहेबांना भेटा. साहेब भेटत नाहीत. दुसऱ्या दिवशीही भेटत नाहीत. नऊदहा दिवसांनी घरी पत्र येते, की आपण न सांगता गैरहजर राहिलात, सबब आपण नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली निर्णय दिला. ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते असे कंपनीच्या स्थायी आदेशांत लिहिलेले होते. कामगाराचे म्हणणे होते की मला गेटवरच अडवले. न्यायालय म्हणाले, आदेशात काहीही लिहिलेले असो, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याची उपजीविका काढून घेता येणार नाही.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ वाट चालली आहे, आणि ती आपल्या लोकांना माहीत असायला हवी. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने गैरवर्तन कशाला म्हणायचे हे आधी लिहून ठेवणे मालकावर बंधनकारक केले. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आले आणि शिक्षा जास्त वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. १९८२ मध्ये निर्वाह भत्त्याचे कलम आले: निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांत निम्मे वेतन आणि कामगाराच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने हाच भत्ता ठेवला आणि निलंबनापासून साधारणतः ९० दिवसांत चौकशी पुरी करण्यास सांगितले. मात्र स्थायी आदेशांचे हे प्रकरण ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता आणि महाराष्ट्राने तो ५० वर आणलेला होता. लहान कारखान्यातील कामगाराला बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग आजही आहे. पण आनंदनगरच्या एखाद्या गल्लीतील चाळीस माणसांच्या कारखान्यात, किंवा ठेकेदाराकडून आलेल्या मुलाच्या बाबतीत, चौकशी कशी करावी आणि तोवर त्याने काय खावे हे आता बव्हंशी मालकाच्या आणि व्यवस्थापकाच्या सदसद्विवेकावर सोपवले गेले आहे. सदसद्विवेकाची गोष्ट आली की धर्मगुरूने गप्प बसणे बरे नव्हे.

पवित्र शास्त्रातील पहिली शिस्तभंगाची चौकशी उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सर्वज्ञ परमेश्वराला काय घडले हे ठाऊक होते. तरीही तो बागेत येऊन आदामाला प्रथम विचारतो, तू कुठे आहेस. मग विचारतो, तुला हे कोणी सांगितले. आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो. परमेश्वर तिलाही विचारतो. सर्पाला मात्र काही विचारलेले नाही. त्यानंतर शिक्षा, आणि तीही प्रत्येकाला वेगळी. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या, त्या प्रकरणाचा निकाल देताना १७२३ साली न्यायमूर्तींपैकी एकाने हाच दाखला दिला होता: देवानेसुद्धा आदामाला बचावासाठी बोलावल्याशिवाय शिक्षा दिली नाही. आज आपण ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतो त्याच्या विवेचनात वकील मंडळी अजूनही हा दाखला देतात.

पण वकील मंडळी त्या अध्यायाच्या शेवटाकडे सहसा जात नाहीत. शिक्षा सुनावून झाल्यावर, बागेबाहेर घालवण्यापूर्वी, परमेश्वर त्या दोघांना चामड्याची वस्त्रे करून घालतो. दोष सिद्ध झालेला आहे, हकालपट्टी ठरलेली आहे, तरी उघडे जाऊ देत नाही. मग ज्याचा दोष अद्याप सिद्ध व्हायचा आहे, त्याच्या घरची चूल आपण कोणत्या आधाराने विझवतो?

येथे व्यवहारी वाचक म्हणेल, की फादर, काम नाही तर पैसे कसले? आक्षेप वरवर सरळ आहे. परंतु निलंबित माणूस कामाला नकार देत नसतो, त्याला काम करू दिले जात नसते. आणि उपाशी माणूस स्वतःचा बचावही करू शकत नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत एक सुरक्षा अधिकारी निलंबित झाला. त्याला निर्वाह भत्ता दिला गेला नाही, चौकशीला येण्यापुरतेही पैसे त्याच्यापाशी उरले नाहीत, आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी चौकशी उरकून त्याला बडतर्फ करण्यात आले. ज्या आरोपांवर हे झाले त्याच आरोपांतून फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निलंबन १९८५ सालचे, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९९ सालचा. चौदा वर्षे! न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की भत्ता न दिल्यामुळे ती चौकशीच दूषित झाली. चौकशीच्या काळातील भाकर ही दया म्हणून द्यायची नसते. ती मिळाली नाही तर चौकशीला चौकशी म्हणता येत नाही.

दुसरी अडचण आहे ती मी डोळ्यांनी पाहिले असे म्हणणाऱ्याची. सुपरवायझरने कामगाराला झोपलेले पाहिले, किंवा खिशात पितळेचे तुकडे घालताना पाहिले. तो प्रामाणिक आहे, खोटे बोलत नाही. तो म्हणतो, माझ्या डोळ्यांपुढे घडले, आणखी कसली चौकशी? संत थॉमस अक्विनास यांनी हा प्रश्न तेराव्या शतकातच घेतला होता. न्यायाधीशाला खासगीरीत्या एखादी गोष्ट ठाऊक असली तरी न्यायासनावर बसून त्याने समोर आलेल्या पुराव्यावरूनच निर्णय द्यावा असे त्यांचे मत आहे. आणि आरोप करणारा कोणी वेगळा नसेल तर न्यायाधीशाने आपण होऊन दोषी ठरवू नये असेही ते म्हणतात. यातील मर्म साधे आहे. पाहणारा साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत. तोच न्यायाधीश झाला तर त्याला प्रश्न विचारणार कोण? माणूस झोपला होता हे डोळ्यांना दिसले. सलग दुसरी पाळी करायला त्याला कोणी थांबवले हे डोळ्यांना दिसले नाही.

बाजू तोलामोलाच्या असाव्यात हेही याच्याच पोटात येते. मुंबई पोर्ट ट्रस्टने एका कर्मचाऱ्याविरुद्धच्या चौकशीत आपल्या बाजूने कायदा शिकलेले अधिकारी उभे केले आणि त्या कर्मचाऱ्याला मात्र वकील घेऊ दिला नाही. १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नापसंती दाखवून कर्मचाऱ्याचा हक्क मान्य केला. लहान कारखान्यात वकील कुठून येणार? तेथे निदान एखादा सहकामगार शेजारी बसू द्यावा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने चुकणाऱ्या बंधूविषयी सांगितलेला क्रम आपण जाणतो: आधी एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि त्यानंतर मंडळीपुढे. तो उपदेश कारखान्याविषयी नाही हे खरे. पण आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी सर्वांदेखत खात्यात आरडाओरडा, मग नोटीस फलकावर नाव, आणि सगळ्यात शेवटी, जमल्यास, केबिनमध्ये बोलावणे.

आता राजीनाम्याविषयी. मला स्वतःला गेट बंद करण्याहून ही रीत अधिक खुपते. व्यवस्थापक समजुतीच्या सुरात म्हणतो, चौकशी लावली तर तुझे नाव खराब होईल, दुसरीकडे नोकरी मिळणार नाही, त्यापेक्षा राजीनामा लिहून दे, आम्ही हिशेब चोख करतो. कोरा कागद पुढे येतो. ‘घरगुती कारणास्तव’ हे शब्दही तोच सांगतो. बाहेर मुलांच्या शाळेची फी थकलेली असते. माणूस सही करतो. कोणी आवाज चढवला नाही, कायद्याचे कलम मोडल्याचे कागदावर दिसत नाही, आणि व्यवस्थापकाला आपण उदारपणे वागलो असेच वाटते. प्रत्यक्षात त्या कागदावर एक असत्य आहे आणि ते त्या कामगाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून घेतलेले आहे. खोटी साक्ष देऊ नये अशी आठवी आज्ञा आहे. माणसाला स्वतःविरुद्धच खोटी साक्ष लिहायला लावणे त्या आज्ञेच्या बाहेर कसे राहील, हे मला समजत नाही. शिवाय त्याने खरोखर चोरी केली असेल, तर ती लपली आणि पुढच्या मालकाच्या गळ्यात गेली. केली नसेल, तर निर्दोषपणा सांगण्याची जागाच गेली. ज्यांच्या टेबलावर असा कागद पुढे सरकवण्याची वेळ येते, त्यांतील काहीजण रविवारी आपल्यासोबत मिस्साबलिदानाला असतात, म्हणून हे इतक्या उघडपणे लिहितो.

शिक्षेच्या प्रमाणाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने किरकोळ वा तांत्रिक गैरवर्तनासाठी, माणसाची मागील सेवा न पाहता, मन थक्क व्हावे इतकी भारी शिक्षा देणे ही अनुचित प्रथा मानली. मागील सेवा पाहणे म्हणजे काय? १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातील एका कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. वरिष्ठाशी तो अद्वातद्वा बोलला होता. पण मागे चौदा वर्षांची निष्कलंक नोकरी होती. न्यायालयाने बडतर्फी रद्द करून वेतनवाढी रोखण्याची शिक्षा पुरेशी मानली. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराच्या प्रकरणात मात्र वरिष्ठाला गलिच्छ शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम ठेवली. कोणी याला विसंगती म्हणेल. मी म्हणत नाही. रागाच्या भरात निसटलेला शब्द आणि माणसाचा पाणउतारा करण्यासाठी योजलेली शिवी यांत फरक आहे, आणि तो फरक करता यावा यासाठीच तर विचारपूस करायची असते.

मालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. बारा माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्याला हे सारे वाचून घाम फुटेल. पॉवर प्रेसवर दारू पिऊन आलेला माणूस स्वतःचीच नव्हे, शेजारच्याचीही बोटे तोडू शकतो. त्याला त्या क्षणी यंत्रावरून दूर करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. चौकशीची वाट पाहत बसणे पाप ठरेल. सतत दांड्या मारणाऱ्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर पडते, आणि त्या दुसऱ्याने तक्रार केली नाही म्हणून त्याच्यावर अन्याय झाला नाही असे होत नाही. क्षमेच्या नावाखाली हे खपवून घेणारा मालक मला न्यायी वाटत नाही. पण यंत्रावरून दूर करणे आणि संसारातून उठवणे या दोन कृती आहेत. पहिली पाच मिनिटांत करावी, दुसरीला वेळ द्यावा. बारा माणसांच्या वर्कशॉपला वकिलाची गरज नसते. आरोप काय आहे तो तारीखवार एका कागदावर, कामगाराला कळेल अशा भाषेत लिहावा. उत्तराला दोनतीन दिवस द्यावेत. ज्याने पाहिले तो एकीकडे, ज्याच्यावर आरोप तो दुसरीकडे, आणि ऐकणारा तिसरा कोणी, शेजारच्या गाळ्याचा मालक का होईना. तासाभराचे काम आहे. तोवरचे निम्मे वेतन त्या छोट्या मालकाला जड जाईल हे मला मान्य आहे. म्हणूनच त्याने चौकशी लवकर उरकावी.

तक्रार करणाऱ्याचाही विचार हवा. वरिष्ठाने छळ केल्याची तक्रार एखादी मुलगी करते तेव्हा बहुधा तिचीच बदली होते, तिचीच पाळी बदलते, आणि वरिष्ठ ‘चौकशी चालू आहे’ या आडोशाला सुखाने राहतो. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागी अंतर्गत समिती आवश्यक केली. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. आरोपीला ऐकून घ्यावे असे मी म्हणतो तेव्हा तक्रारदार मुलीने तोवर घरी बसावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या स्वतःच्या संस्थांकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. त्या नियमावलीतील चौकशी समितीत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक खुद्द कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांतून घेतलेला असतो. आरोपीच्या पसंतीचा माणूस न्यायाच्या आसनावर बसतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मात्र असे काही कायदे पुढे आले की अल्पसंख्याकांच्या हक्कांची ढाल पुढे करण्याची सवय आपल्यांत काहींना जडली आहे. १९८६ साली दिल्लीतील फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षकांच्या सेवेला वाजवी संरक्षण दिल्याने अल्पसंख्याकांच्या शाळा चालवण्याच्या हक्काला बाधा येत नाही. ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदाही हेच सांगतो: संस्थांच्या कारभाऱ्यांनी कामगारविषयक देशाचे कायदे काटेकोरपणे पाळावेत, असे कॅनन लॉच्या १२८६ व्या कलमात आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात कामगाराच्या प्रतिष्ठेविषयी जे लिहिले ते आपण शाळांच्या स्नेहसंमेलनांतून अभिमानाने सांगतो. २०२५ साली निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी ते नाव घेताना त्या विश्वपत्राची आठवण काढली, तेव्हा आपण टाळ्याही वाजवल्या. शाळेच्या शिपायाला किंवा चर्चच्या सॅक्रिस्टनला कामावरून कमी करताना त्याला काय विचारले गेले, हे त्या टाळ्यांनंतर तपासायला हरकत नाही.

घरकामाच्या बाईंच्या बाबतीत तर कागदही नसतो. कपाटातील बांगडी सापडत नाही. संशय कोणावर जातो हे सांगायला नको. बांगडी चार दिवसांनी उशीच्या अभ्र्यात सापडते. तोवर त्या बाईंचे या इमारतीतील पाचही घरांचे काम सुटलेले असते, कारण आपण लिफ्टमध्ये शेजारणीला सांगितलेले असते.

लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याची गोष्ट वाचताना मी नेहमी एका ठिकाणी थांबतो. धनी त्याला म्हणतो, तुझ्याविषयी हे मी काय ऐकतो? हिशेब दे, यापुढे तुला कारभार पाहता येणार नाही. हिशेब पाहण्याआधीच निकाल लागलेला आहे, आणि तोही ऐकीव गोष्टीवर. कारभारी लबाड होता, यात शंका नाही. पण त्याची पुढची लबाडी कशातून जन्मली ते पाहा: त्याला खणता येत नव्हते, भीक मागण्याची लाज वाटत होती. उद्या काय खायचे या एका भयापोटी त्याने धन्याच्या ऋणकोंचे दस्तऐवज बदलले. प्रभूचा बोध अर्थातच वेगळा आहे आणि तो मी येथे सांगत नाही. हा तपशील मात्र प्रत्येक कार्मिक अधिकाऱ्याने वाचावा.

राहता राहिली चिठ्ठीची गोष्ट. कामावरून काढलेला माणूस, किंवा त्याची आई, मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी येते. फादर, तुमचे शब्द मालक मोडणार नाहीत, एक चिठ्ठी द्या. कधी मालक आपल्याच धर्मग्रामातला असतो, कधी त्याची मुले आपल्या शाळेत असतात, आणि चिठ्ठीने काम होतेही. याला पुनः कामावर घ्या असे मी लिहित नाही. ज्याला सांगायला धर्मगुरू नाही अशा शेजारच्या माणसावर तो अन्याय होईल, आणि आरोप खरा की खोटा हे मला ठाऊकही नसते. मी मालकाला तीन गोष्टी विचारतो: याच्यावरचा आरोप लिहून दिला आहे का, याचे म्हणणे कोणी ऐकले आहे का, आणि तोवर याला काही वेतन चालू आहे का. चिठ्ठी उघडीच ठेवतो, म्हणजे नेणाऱ्यालाही वाचता यावी. काहीजण ती वाचून नाराज होतात आणि नेतच नाहीत. जे नेतात त्यांना मी बजावतो, की तुला बोलावून विचारले तर जे खरे असेल ते सांग, आणि जाताना युनियनमधला किंवा खात्यातला एखादा जाणता माणूस सोबत घेऊन जा.